लोकलमधून फिरणारा लॅपटॉप: १४ इंची की १५.६?

नमस्कार ताई,

मी डोंबिवलीला राहते. सीए इंटर पास झाले, पुढच्या महिन्यापासून फोर्टमधल्या एका फर्ममध्ये आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालचं प्रशिक्षण, सुरू होतेय. लॅपटॉप स्वतःचा आणायला सांगितलाय. बजेट ६० हजार, ओढूनताणून ६५. बाबा म्हणतात, १५.६ इंचीच घे. त्याच पैशात मोठा स्क्रीन मिळतोय, शिवाय उजवीकडे आकड्यांची बटणं आहेत आणि तुझं कामच आकड्यांचं. माझ्याआधी आर्टिकलशिपला लागलेली मैत्रीण म्हणते, तो घेऊन सकाळच्या लोकलमध्ये चढून दाखव, मग बोलू. तू १३ इंची घे. दुकानदार म्हणतो १४ घ्या, पण का ते सांगत नाही. माझं काम एक्सेल आणि टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर असणार, महिन्यातले निम्मे दिवस क्लायंटकडे. घर वन बीएचके. वेगळं टेबल नाही, डायनिंग टेबलावरच अभ्यास करते. आई मराठी शाळेत शिक्षिका आहे, वय ५२, प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे, म्हणजे लांबचं-जवळचं एकाच काचेतून दिसणारा. प्रश्नपत्रिका टाइप करायला तीही हाच लॅपटॉप वापरणार. माझी मान आत्ताच दुखायला लागलीय. काय घेऊ?

– एक वाचक, डोंबिवली

नमस्कार,

आधी उत्तर देते, मग कारणं. तू १४ इंची घे. पण दुकानात नुसतं ‘१४ इंची दाखवा’ म्हणू नकोस. १६:१० प्रमाणाचा (रुंदी १६ भाग तर उंची १०), १९२० बाय १२०० रिझोल्यूशनचा (म्हणजे स्क्रीनवर आडवे आणि उभे एवढे पिक्सेल, म्हणजे ठिपके), दीड किलोच्या आतला आणि टाइप-सीवर चार्ज होणारा माग. आकड्यांची बटणं यूएसबीची वेगळी घे. बाबांना मोठ्या स्क्रीनची जी गरज दिसतेय ती अगदी खरी आहे, पण ती घरी मॉनिटर लावून भागव. मोठा स्क्रीन घरी राहू दे आणि लहान तुझ्याबरोबर फिरू दे. हे दोन्ही एकाच यंत्रात बसवायला गेलं की ते घरीही कमी पडतं आणि गाडीतही अडतं.

लॅपटॉपचे इंच या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरके मोजतात, म्हणून १४ आणि १५.६ हे आकडे शेजारी ठेवून फारसा बोध होत नाही. पट्टीने आडवं आणि उभं मोजून बघ. १५.६ इंची स्क्रीन बहुतेक वेळा १६:९ प्रमाणाचा असतो. त्याची रुंदी ३४.५ सेंटिमीटर, उंची १९.४. तोच १४ इंची, १६:१० प्रमाणाचा घेतलास तर रुंदी ३०.२ आणि उंची १८.८. उंचीतला फरक अर्ध्या सेंटिमीटरहून किंचित जास्त, बस्स. मोठ्या स्क्रीनचं मोठेपण जवळजवळ सगळं रुंदीत गेलंय, आणि तुझं काम वाढतं ते खाली. लेजर, म्हणजे खातेवही, खाली लांबत जातं, बँक स्टेटमेंट खाली लांबत जातं, ट्रायल बॅलन्स खाली लांबत जातो. हाच १४ इंची १६:९ प्रमाणाचा घेतलास तर उंची १७.४ सेंटिमीटरवर येते, म्हणजे सुमारे दीड सेंटिमीटर हातचं जातं. बाहेरून मात्र दोन्ही लॅपटॉप जवळपास सारखेच दिसतात आणि दोन्हींच्या खोक्यावर ‘१४ इंच’ असंच छापलेलं असतं. म्हणून प्रमाण विचारल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.

बाबांचा मुद्दा असा, की स्क्रीन मोठा तर त्यावर मावतंही जास्त. टीव्ही घेताना आपण सगळेच असा विचार करतो, आणि टीव्हीला तो लागूही पडतो. लॅपटॉपवर किती मावेल हे मात्र पिक्सेल किती आहेत आणि विंडोजमध्ये स्केलिंग, म्हणजे अक्षरं आणि बटणं किती टक्के मोठी दाखवायची ते सेटिंग, किती ठेवलंय यावर ठरतं. तुझ्या बजेटमधल्या १५.६ इंची लॅपटॉपचं रिझोल्यूशन साधारणपणे १९२० बाय १०८० असतं. स्केलिंग १२५ टक्के ठेवलं, आणि बहुतेक जण तेवढंच ठेवतात, की कामाला प्रत्यक्ष १५३६ बाय ८६४ एवढी जागा उरते. १४ इंची १९२० बाय १२०० वर त्याच १२५ टक्क्यांना १५३६ बाय ९६० उरते. आडवी जागा दोन्हीकडे तेवढीच. एक्सेलचा नेहमीचा कॉलम ६४ पिक्सेल रुंद असतो, त्यामुळे दोन्हींवर तेवढेच कॉलम दिसतात, एकही कमी-जास्त नाही. नेहमीची ओळ २० पिक्सेल उंच असते, म्हणून १४ इंचीवर चार-पाच ओळी उलट जास्त दिसतात. वरचा रिबन, फॉर्म्युला बार आणि खालचा टास्कबार आधीच किती उंची खातात ते तू रोज बघतेस, त्यामुळे चार-पाच ओळींचं मोल मी तुला वेगळं सांगायला नको. बाबांना हे तोंडी सांगू नकोस. दुकानात दोन्ही लॅपटॉपवर तुझीच फाइल शेजारी-शेजारी उघडून दाखव.

मग १५.६ वर वाढतं काय? अक्षर वाढतं. याच दोन स्क्रीनवर, सारख्याच स्केलिंगला, १४ इंचीवरचं अक्षर सुमारे १३ टक्क्यांनी लहान दिसतं. २२-२३ व्या वर्षी, नजर ठीक असेल आणि स्क्रीन डोळ्यांपासून हातभर अंतरावर असेल, तर हा फरक जाणवतो पण त्रास देत नाही. तुझ्या आईचं तसं नाही. चाळिशी ओलांडली की जवळचं बघताना डोळ्याला कष्ट पडतात, आणि त्यातून तिचं काम देवनागरीत. आपल्या लिपीत ओळीच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार असतात आणि खाली उकार, रकार. अक्षर बारीक झालं की सगळ्यात आधी हीच टोकं पुसट होतात. ‘ध’चा ‘घ’ वाटतो, ‘भ’चा ‘म’ वाटतो, अनुस्वार दिसतच नाही. मुलांच्या हातात पडायच्या प्रश्नपत्रिकेत अशी एक चूक राहिली की शिक्षिकेला किती चुटपुट लागते, ते तुम्हा घरच्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

त्यावर उपाय मोठा लॅपटॉप नव्हे. आईसाठी विंडोजमध्ये वेगळं खातं उघड आणि तिच्या खात्यात स्केलिंग १५० टक्के कर. स्केलिंग प्रत्येक खात्याचं वेगळं राहतं, त्यामुळे तुझी जागा कमी होत नाही आणि तिला दर वेळी सेटिंग शोधावं लागत नाही. १४ इंचीवर १५० टक्क्यांना दिसणारं अक्षर १५.६ वरच्या १२५ टक्क्यांच्या अक्षरापेक्षा थोडं मोठंच असतं. वर्डमध्ये कंट्रोल दाबून माउसचं चाक फिरवलं की पान आणखी मोठं होतं, हेही तिला दाखवून ठेव. वेगळ्या खात्याचं आणखी एक कारण आहे, आणि माझ्या मते ते जास्त मोठं आहे. तुझ्या लॅपटॉपमध्ये क्लायंटचे हिशेब असणार. ते घरच्या माणसांच्याही नजरेला पडू नयेत, ही शिस्त पहिल्या दिवसापासून लाव. आईला सांगितलंस तर ती नक्की समजून घेईल.

रिझोल्यूशनबद्दल एकच बजावते. १३६६ बाय ७६८ चा स्क्रीन कितीही स्वस्त मिळाला तरी घरी आणू नकोस, मग तो किती का इंची असेना. स्वस्तातल्या काही लॅपटॉपवर तो अजूनही दिसतो. १५.६ इंचात एवढे कमी पिक्सेल ताणले की अक्षरांच्या कडा दातेरी दिसतात, आणि वर सांगितलेला ‘ध’-‘घ’चा घोळ नेमका तिथेच होतो.

आता लोकलकडे वळू, कारण तुझा निर्णय खरा तिथेच होणार आहे. तुझी मैत्रीण वजनाबद्दल बोलत असेल. वजनातला फरक लोकांना वाटतो तेवढा नसतो. तुझ्या बजेटमधला १५.६ इंची साधारण १.६ ते १.८ किलोचा, १४ इंची १.३५ ते दीड किलोचा. मधलं अंतर अर्धा लिटर पाण्याच्या बाटलीहूनही कमी. त्रास देतो तो आकार. बॅगेत लॅपटॉप उभा राहतो, म्हणजे त्याची रुंदी ही बॅगेची उंची होते. १५.६ इंचीचं अंग बाहेरून ३६ सेंटिमीटरच्या आसपास, १४ इंचीचं ३१-३२. सकाळच्या फास्ट लोकलला लेडीज डब्यात बॅग पाठीवर ठेवता येत नाही, ती पुढे छातीशी घ्यावी लागते, आणि तास-सव्वातास तशीच उभी राहणार तू. त्या अवस्थेत चार-पाच सेंटिमीटर म्हणजे एक हात वर दांडीला धरता येणं आणि न येणं, एवढा फरक पडतो. बॅग वर रॅकवर गेली तर तिच्यावर दुसऱ्या बॅगा येऊन पडतात, आणि ठाण्याच्या पुढे ती मागे हात करून काढून घेता येईलच असं नाही.

गर्दीचा दाब हा आणखी वेगळा विषय. लॅपटॉपचं झाकण पातळ असतं आणि त्याच्या आतच स्क्रीनची काच. झाकण जितकं रुंद तितकं ते मधोमध जास्त लवतं. बॅगेत डबा झाकणाच्या बाजूला असेल आणि मागून गर्दी रेटत असेल, तर डब्याची कड नेमकी स्क्रीनवर दाबली जाते. म्हणून लॅपटॉप १४ चा असो की आणखी कसला, बॅगेत ठेवताना झाकण बॅगेच्या गादीच्या बाजूला, म्हणजे तुझ्या अंगाकडे ठेव आणि तळ डब्याकडे. झाकण बंद करण्याआधी कीबोर्डवर पेन, इयरफोन, पेपरक्लिप राहिली नाही ना, हे बघायची सवय लाव. स्क्रीन फुटण्याच्या कितीतरी घटना अशा एखाद्या विसरलेल्या पेनाने होतात. स्क्रीन बदलायचा खर्च वॉरंटीत बसत नाही, आणि तो ऐकून माणूस हबकतोच.

चार्जरही तुझ्याच खांद्यावर असतो, हे लॅपटॉपचं वजन वाचताना विसरायला होतं. टाइप-सीवर ६५ वॉटमध्ये चार्ज होणारा लॅपटॉप घेतलास तर त्याच चार्जरवर फोनही चालतो, म्हणजे एक चार्जर आणि एक वायर बॅगेतून कमी. क्लायंटच्या ऑफिसात आर्टिकलच्या वाट्याला प्लगसुद्धा एकच येतो, तिथे हे फार उपयोगी पडतं.

क्लायंटकडची जागा कशी असते ते मैत्रिणीला विचार. अकाउंट्सच्या माणसाच्या टेबलाचं एक टोक मिळतं. त्यावर व्हाउचरच्या फायली, शेजारी बिलांचा गठ्ठा, आणि उरलेल्या जागेत लॅपटॉप. एप्रिलमध्ये बँकेच्या शाखेच्या ऑडिटला गेलात तर चार-चार जण एका टेबलाला बसता. ३१ मार्चच्या सुमारास स्टॉक मोजायला गोडाऊनमध्ये गेलीस की टेबल हा प्रकारच नसतो. डाव्या हातावर उघडा लॅपटॉप, उजव्या हाताने आकडे भरायचे, आणि समोरचा माणूस खोकी मोजत पुढे पुढे चाललेला. १४ इंची असा हातावर पेलतो. १५.६ इंची पाच मिनिटांत मनगटावर येतो, कारण त्याची पलीकडची कड तळहाताच्या बरीच बाहेर राहते.

आकड्यांच्या बटणांचा बाबांचा मुद्दा मला मनापासून पटतो. टॅलीत व्हाउचर एंट्री करताना वरच्या ओळीतले आकडे शोधत बसणं म्हणजे वेळेचा आणि डोक्याचा दोन्हींचा ताप. पण ती बटणं लॅपटॉपमध्येच हवीत का, ते बघू. १५.६ च्या कीबोर्डवर उजवीकडे ती बसवायची म्हणून अक्षरांची बटणं आणि टचपॅड डावीकडे सरकवलेले असतात. तू अक्षरांसमोर बसलीस की स्क्रीनचा मध्य तुझ्या उजवीकडे जातो, आणि दिवसभर मान थोडीशी वळलेलीच राहते. तुझी मान आधीच दुखतेय, तर हे दुखणं विकत घेऊ नकोस. यूएसबीचं सुटं नमपॅड हजार रुपयांच्या आत मिळतं, बॅगेच्या पुढच्या कप्प्यात मावतं आणि कुठेही ठेवता येतं. मी तर म्हणते, ते डाव्या बाजूला ठेवून सराव कर. डाव्या हाताने आकडे टाकायचे आणि उजव्या हातात पेन, व्हाउचरवर टिक करायला. पहिले काही दिवस बोटं अडखळतील, पण एकदा हात बसला की पेन खाली ठेवणं-उचलणं बंद होतं आणि काम सरसर पुढे जातं. अक्षरांच्या बटणांच्या आकाराची काळजी करू नकोस. १४ इंचीवर ती सहसा १५.६ एवढीच ऐसपैस असतात.

एक मात्र नक्की तपास. लहान लॅपटॉपवर होम, एंड, पेज अप, पेज डाउन ही बटणं पुष्कळदा वेगळी नसतात, बाणांच्या बटणांवर एफएन दाबून वापरावी लागतात. एक्सेलमध्ये ती तुला दिवसभर लागणार. ज्या मॉडेलवर ती स्वतंत्र आहेत, त्याला झुकतं माप दे. तसंच, नवीन लॅपटॉपवर वरच्या ओळीतली एफ बटणं आवाज आणि ब्राइटनेस कमी-जास्त करायला लावलेली असतात. टॅलीत पेमेंटसाठी एफ५, रिसीटसाठी एफ६, जर्नलसाठी एफ७ दाबायला जाशील आणि स्क्रीन अंधारेल. एफएन लॉक कसं करायचं ते दुकानातच विचारून घे. कित्येक लॅपटॉपवर एफएन आणि एस्केप एकत्र दाबलं की होतं.

मैत्रीण म्हणते तो १३ इंची मी तुला सुचवत नाही. प्रवासाला तो सगळ्यात सोयीचा हे खरं, आणि जे दिवसभर मेल, लेख, मीटिंग एवढंच करतात त्यांनी तो जरूर घ्यावा. पण तुला दोन लेजर शेजारी-शेजारी उघडून ताळा लावायचाय. १३ इंचीवर अक्षर वाचता यावं म्हणून स्केलिंग १५० टक्के केलंस की आडवी जागा १२८० पिक्सेलवर येते आणि दोन खिडक्यांत प्रत्येकी नऊ-दहा कॉलम उरतात. त्यात पार्टीचं नाव, तारीख, बिल नंबर, डेबिट, क्रेडिट, बॅलन्स मांडलं की नॅरेशनला, म्हणजे नोंदीच्या तपशिलाला, जागा राहत नाही. शिवाय ६० हजारांत चांगला १३ इंची शोधायला गेलीस तर हाती दोन-तीनच मॉडेल लागतात.

१५.६ किंवा १६ इंची कुणी घ्यावा, हेही सांगते, म्हणजे बाबांना मी त्यांच्या मताच्या विरोधात आहे असं वाटणार नाही. ज्याचा लॅपटॉप घरातून महिन्यातून एक-दोनदाच बाहेर पडतो आणि ज्याला वेगळा मॉनिटर ठेवायला जागा नाही, त्याने मोठाच घ्यावा. व्हिडिओ, डिझाइन, ड्रॉइंगचं काम असेल त्यानेही. त्यातही मी १६ इंची, १६:१० कडे बोट दाखवेन, कारण त्याची रुंदी १५.६ एवढीच असते आणि उंची दोन सेंटिमीटरने जास्त मिळते. दुकानात माल सगळ्यात जास्त १५.६ चाच पडलेला असतो, म्हणून तो त्या किमतीत बसतो, हे बाबांचं निरीक्षण चोख आहे.

आता तुझ्या मानेबद्दल. लॅपटॉपची रचनाच अशी, की स्क्रीन डोळ्यांच्या उंचीवर आणावा तर हात वर उचलावे लागतात, आणि हात सुखाने ठेवावेत तर मान खाली घालावी लागते. १३, १४, १६, कुठलाही आकार यातून सुटका करत नाही. सुटका होते ती स्क्रीन आणि कीबोर्ड वेगळे केल्यावर. म्हणून घरी २४ इंची मॉनिटर. त्याचा स्क्रीन ५३ बाय ३० सेंटिमीटरचा. साधा १९२० बाय १०८० चा घेतलास तरी त्यावर स्केलिंग १०० टक्के ठेवता येतं. म्हणजे १५.६ इंची लॅपटॉपवर १२५ टक्क्यांना जेवढं मावतं त्याहून कॉलमही जास्त, ओळीही जास्त, आणि अक्षर जवळजवळ सव्वापट मोठं. बाबांना जे हवंय ते सगळं इथे मिळतं. लॅपटॉप मॉनिटरला जोडून विंडोज आणि पी दाबलंस, ‘एक्स्टेंड’ निवडलंस, की लॅपटॉपवर टॅली आणि मॉनिटरवर एक्सेल असं बसता येतं. सप्टेंबरमध्ये टॅक्स ऑडिटची घाई सुरू झाली आणि रात्री घरी बसून काम करावं लागलं, की याचा उपयोग कळेल.

घरचा टीव्ही जोडून भागेल का, असा प्रश्न तुमच्या घरात निघेलच. ३२ इंची टीव्ही बऱ्याच वेळा एचडी रेडी, म्हणजे १३६६ बाय ७६८ चा असतो. त्यावर सिनेमा बघायला हरकत नाही, सेलमधले आकडे तासन् तास वाचायला तो उपयोगाचा नाही.

डायनिंग टेबल जेवणाच्या वेळी रिकामं करावं लागणार, हे मला दिसतंय. मॉनिटर घेताना मागच्या बाजूला भिंतीवर लावायची चार भोकं आहेत का बघ. टेबल भिंतीला लागून असेल तर पुढे-मागे होणाऱ्या ब्रॅकेटवर तो बसवता येतो आणि टेबल मोकळं राहतं. बसवताना उंचीचा विचार आईला समोर बसवून कर. एरवी सांगतात, की मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी. प्रोग्रेसिव्ह चष्म्यात मात्र हातभर अंतरावरचं बघायचा भाग काचेच्या मधल्या पट्ट्यात असतो. स्क्रीन वर असला की ती हनुवटी उचलून बघायला लागते आणि मान मागे जाते. म्हणून तिच्या सोयीने थोडा खालीच लाव. तू तिथे बसशील तेव्हा स्क्रीन जरासा वर तिरका केलास की चालेल. आईचं रोजचं टायपिंग वाढणार असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांना ‘कॉम्प्युटरच्या अंतराचा वेगळा चष्मा लागेल का’ एवढं विचारून घ्या. तुझ्या मानेबरोबर हाताला मुंग्या येत असतील किंवा बोटं बधिर होत असतील, तर लॅपटॉपची वाट न बघता आधी डॉक्टरांना दाखव.

बाकीचं चटकन सांगते. स्क्रीन मॅट घे. क्लायंटकडे डोक्यावर ट्यूबलाइट असते, चकचकीत स्क्रीनवर तीच दिसत राहते. आयपीएस पॅनेल (बाजूने बघितलं तरी नीट दिसणारा स्क्रीन) आणि ३०० निट्स (उजेडाचं माप) ब्राइटनेस एवढं असलं म्हणजे झालं. रॅम १६ जीबी. एचडीएमआय पोर्ट असलेला बरा, म्हणजे मॉनिटरला किंवा क्लायंटच्या प्रोजेक्टरला जोडताना वेगळा अडॅप्टर लागत नाही. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांवरचं काहीतरी बघायचं, हा डोळ्यांचे डॉक्टर सांगतात तो नियम आईलाही लावून दे. तपासायच्या पेपरांचा गठ्ठा घेऊन बसल्यावर तिला त्याची तुझ्याइतकीच गरज असेल.

दुकानात जाताना तुझी रोजची बॅग घेऊन जा. आत डबा, पाण्याची बाटली, छत्री आणि एक जाड पुस्तक असू दे. लॅपटॉप तिच्यात घालून बॅग छातीशी लाव आणि एक हात वर करून उभी राहा. लाज वाटू देऊ नकोस. पेनड्राइव्हवर चार-पाचशे ओळींची एक्सेल फाइल आणि आईची एक जुनी प्रश्नपत्रिका ने. दोन्ही उघडून स्केलिंग १२५ आणि १५० करून बघ. सेटिंगमध्ये सिस्टिम, मग डिस्प्ले, तिथे रिझोल्यूशन १९२० बाय १२०० लिहिलंय याची खात्री कर, कारण एकाच नावाच्या मॉडेलमध्ये दोन वेगवेगळे स्क्रीन येऊ शकतात आणि खोक्यावरच्या बारीक अक्षरात ते नजरेतून निसटतं. आई बरोबर आली तर उत्तमच. तिला चष्मा लावून, हातभर अंतरावर बसवून, एक पूर्ण परिच्छेद वाचायला लाव. नुसतं ‘दिसतंय’ म्हणाली तर तेवढ्यावर थांबू नकोस.

पैशांचं असं कर. लॅपटॉप ५५ ते ५८ हजारांत बसव. नमपॅड आणि गादीचं कव्हर त्याच दिवशी घे. मॉनिटर ८-१० हजारांच्या आसपास मिळतो, तो लगेच घ्यायलाच हवा असं नाही. आर्टिकलशिप आता दोन वर्षांची आहे. पहिल्या काही महिन्यांचा स्टायपेंड बाजूला ठेवलास तर सप्टेंबरच्या घाईआधी तो घरात येईल. तोवर लॅपटॉपखाली इंटरचे जुने मॉड्यूल, म्हणजे अभ्यासाची जाड पुस्तकं, रचून स्क्रीन वर घे आणि पाच-सातशे रुपयांचा साधा कीबोर्ड-माउस जोड, म्हणजे मानेला आजपासूनच आराम मिळेल. बजेट ताणावंच लागलं, तर जादा पैसे रॅमवर आणि स्क्रीनवर घाल. प्रोसेसरचा आणखी वरचा नंबर घेऊन एक्सेल आणि टॅलीत तुला फरक जाणवणार नाही.